दांडीचा अर्ज

२०६१ साली लढाऊ विमानातली दांडी हुकूम सोडत नव्हती, अर्ज करत होती. वैमानिकानं ती ओढली की तारेतून संगणकाकडे मागणी जायची. पंखांच्या झडपा हलवायच्या की नाही, ते तो ठरवायचा. त्याला सगळे राखणदार म्हणत. चाचणी वैमानिक विभावरी घोरपडेला या राखणदाराची भयंकर चीड. "यंत्रापुढे हात पसरायला मी वैमानिक झाले नाही," असं तिनं समितीला लेखी कळवलं होतं. राखणदार बंद करायचं बटण हवं, हा तिचा हट्ट. उद्या समितीचा निकाल होता, आणि तळावर तिच्या शब्दाला वजन होतं.

आज ती पेढ्यांचा पुडा घेऊन डॉ. मुजावरांच्या खोलीत आली. राखणदार त्यांनीच घडवलेला.

"घ्या सर. पडतं विमान सावरलं की पेढे, ही आपली रीत."

"सावरलं कुणी, मॅडम?"

"म्हणजे? मी!"

धावत्या गाडीतून तळहात बाहेर काढून बघा. थोडा कलवला की वारा तो उचलतो. फार उभा केला की उचलणं संपतं, नुसता मागे रेटतो. पंखाचंही तेच. शत्रूवर झटकन वळायचं तर पंख त्या काठापर्यंत उभा न्यावा लागतो. काठ ओलांडला की विमानाचा धोंडा होतो. सकाळी विभावरी अगदी काठावर असताना वाऱ्याचा उलटा झोत आला आणि विमानाचा धोंडा झाला. यातून सुटायचा मार्ग एकच: दांडी पुढे ढकलायची, नाक खाली घालायचं. जमीन अंगावर येत असताना! दोनशे शिकाऊ पोरांकडून तिनं हे घोकून घेतलं होतं. ओढलंत तर मेलात.

मुजावरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "लाल रेघ तुमचा हात."

रेघ मागे गेली होती. पार शेवटापर्यंत.

"हे माझं नाही."

"तुमचंच. चार सेकंद जिवाच्या आकांतानं ओढताय. राखणदारानं चारही सेकंद अर्ज फेटाळला आणि स्वतः नाक खाली घातलं."

"अहो, मी ढकलली! मला चांगलं आठवतंय!"

"पेढे घेऊन आलेल्या तुम्ही सातव्या. सगळ्यांना ढकललेलीच आठवते."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"बोलणार होतो. पण ते इतके खूश होते हो."

तिनं टेबलावरचा सकाळचा अहवाल पुढे ओढला. उड्डाणाच्या प्रत्येक अहवालाखाली 'विमान माझ्या ताब्यात होतं' हे वाक्य छापलेलंच असे. वैमानिकानं फक्त सही करायची. तिनं ते खोडलं. वर लिहिलं: 'नव्हतं. म्हणून जिवंत आहे. बटण नको.' आणि सही ठोकली.

"वाचवलंत, सर. आता ती दांडीच काढून टाका. ढोंग कशाला?"

"काढून पाहिली. माणसं घाबरून गुदमरली. हाताला काहीतरी धरायला लागतं." मुजावर खाली बघत म्हणाले, "पुढच्या विमानात दांडी राहील. तार नसेल."

विभावरीला संताप यायला हवा होता. तिनं वाट पाहिली. आला नाही. सकाळची जमीन तेवढी डोळ्यांसमोर आली, आणि उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली.

"दांडी तेवढी ठेवा, सर," ती अगदी मनापासून म्हणाली. "उपकार होतील."