पोझिशन उघड्या ठेवण्याचं कारण

रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात तिनं टॉवर आणि ग्राउंड या दोन पोझिशन एक केल्या. शेजारच्या खुर्चीची फ्रिक्वेन्सी स्वतःच्या पॅनेलवर घेतली, लॉगबुकात वेळ लिहिली, आणि पेनाला टोपण लावते न लावते तोच जिन्याच्या तोंडाशी एक माणूस धापा टाकत उभा राहिला.

"एकशे बारा पायऱ्या," तो म्हणाला. "लिफ्ट आहे असं सांगितलं होतं मला."

"आहे ना. चालत नाही, एवढंच."

"मी नवा. सहा महिन्यांसाठी आलोय. गाडी उशिरा आली, माफ करा. ग्राउंडला बसायचंय मला."

"ग्राउंड आत्ताच माझ्याकडे आलं. तुम्ही खाली जाऊन झोपा. दोन वीसला वर या."

"आल्या आल्या झोपू?"

"ऑर्डर आहे."

"नोकरीतली पहिली चांगली ऑर्डर!" तो हसला आणि आल्या पावली जिना उतरू लागला. ती रनवेच्या दिव्यांकडे बघत बसली. पावलं निम्म्यावर क्षणभर थांबली, हे मात्र तिला ऐकू आलं.

टॉवरमध्ये सगळे तिला 'घड्याळ' म्हणत. रात्री विमानं विरळ झाली की दोन माणसांचं काम एकानं करायचं आणि दुसऱ्यानं खालच्या खोलीत पडायचं, ही इथली रीत. जमिनीवर फिरणारी विमानं आणि गाड्या ग्राउंडच्या फ्रिक्वेन्सीवर, उडणारी-उतरणारी टॉवरच्या. दोन्ही आवाज एकाच हेडसेटमध्ये. अकरा चाळीस म्हणजे अकरा चाळीस. सहा वर्षांत तिनं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं.

पाहुणा रुळला. हे नावही टॉवरनंच दिलेलं. दहा ते अकरा चाळीस दोघं शेजारी बसत. मग ती वर, तो खाली. दोन वीसला तो वर, ती खाली. पहाटे पाचला विमानं वाढली की पुन्हा शेजारी. पण तेव्हा श्वास घ्यायलाही फुरसत नसे.

मधे उरायची ती फक्त दोन मिनिटं. काम सोपवून झालं, यादी मोठ्यानं वाचून झाली, तरी उठलेल्यानं लगेच जायचं नाही. दोन मिनिटं मागे उभं राहायचं, काही सांगायचं राहिलं नाही ना ते बघायचं. नियम होता. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची. टॉवरच्या काचा बाहेरच्या बाजूला कललेल्या, त्यामुळे पाऊस त्यांच्यावरून ओघळत नसे. नुसता छपरावर वाजायचा. समोर निळे दिवे, खाली त्याचं उशीवर विस्कटलेलं डोकं... आणि हात पुढे केला तर पोचेल एवढं अंतर. ती हात पाठीमागे बांधून ठेवायची.

"गेलीस का?" तो मागे न बघता विचारायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं.

"चाळीस सेकंद आहेत अजून."

"मोजतेस?"

"घड्याळ म्हणतात मला."

खाली जाऊन तिला झोप लागत नसे. त्यानं अंथरूण कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेलं असे, त्यावर नुसतं पडून राहायची.

एकदा त्यानं विचारलं, "दोन फ्रिक्वेन्सी एक केल्या की तुला काय सगळ्यात नको होतं?"

"दोघं एकदम बोलतात ते. एक खाली, एक आकाशात. मला दोघांचं ऐकू येतं, त्यांना एकमेकांचं नाही. बिचारे आपापलं बोलत राहतात."

"मग?"

"मग काय... एकाला थांबवायचं, दुसऱ्याला बोलू द्यायचं."

"आपल्यात थांबलंय कोण?"

तिनं हेडसेट नीट केला. कान मात्र तापले.

त्यानंतर पोझिशन अकरा पन्नासला एक व्हायला लागल्या. मग बाराला. लॉगबुकात 'उशिरा एक करण्याचं कारण' असा रकाना असतो. त्यात ती 'वाहतूक' असं लिहायची. आधी ते थोडंफार खरंही होतं. पुढे पुढे ती उशिरा येणाऱ्या विमानांची वाट बघू लागली. आकाश मोकळं दिसलं की तिचा जीव खट्टू व्हायचा.

सहावा महिना संपत आला. गुरुवारी रात्री तो म्हणाला, "एक तारखेला माझी मुदत संपते. राहायचं असेल तर अर्ज करावा लागेल."

"मग कर."

"कारण विचारतात अर्जात." तो बाहेर बघत होता. "तू सांग. थांबू?"

तिला एका शब्दात सांगता आलं असतं. तेवढ्यात एका मालवाहू विमानानं हाक दिली, तिनं उत्तर दिलं, आणि शब्द मागे पडला तो पडलाच. तो खाली जायला उठला, तेव्हा ती म्हणाली, "बस थोडा वेळ... अजून दोन यायचीत." ती दोन येऊन गेली. तरी तिनं पोझिशन एक केल्या नाहीत. त्या एक झाल्या एक वाजून दहा मिनिटांनी. लॉगबुकात: वाहतूक.

दोन वीसला तो वर आला. जेमतेम तासभर झोपलेला, डोळे तांबडे. यादी वाचून झाली. ती मागे उभी राहिली. पहिल्याच मिनिटात तपासणीच्या जीपनं ग्राउंडवर विचारलं, रनवेवर जाऊ का? त्यानं हो म्हटलं. रनवे अडलेला असताना समोरच्या फळीवर लाल पट्टी सरकवायची असते. ती सरकवायची राहिली. दुसऱ्या मिनिटात टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर उतरणारं विमान बोललं. जीपवाल्याला विमान ऐकू येत नव्हतं, वैमानिकाला जीप. मधे एकटा तो. उतरायची परवानगी द्यायला त्यानं बटण दाबलं...

"जीप!" तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

त्यानं शब्द तिथेच तोडला आणि विमान पुन्हा वर घ्यायला सांगितलं. विमान डोक्यावरून गर्जत गेलं. जीप बाहेर आली. कुणाला ओरखडाही नाही. पहिल्यांदाच तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"मीच कळवतो," तो म्हणाला, आणि खाली फोन लावला.

सकाळी सात वाजता पाळीप्रमुख लॉगबुक उघडून बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीला वर्ष उरलेलं, चष्मा कपाळावर. दोघांना दोन खोल्यांत बसवलं होतं. जबाब होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, फोनसुद्धा नाही.

"दीड तासात तीन विमानं," काका तिला म्हणाले. "त्यांच्यासाठी दोन माणसं? खांद्यावर घेऊन उतरवणार होतात का त्यांना?"

तिची नजर लॉगबुकातल्या स्वतःच्या अक्षरावर होती.

"हे बघ पोरी. तो म्हणतो, चूक माझी, झोप झाली नव्हती. का झाली नव्हती, ते सांगत नाही. तू जबाबातही 'वाहतूक' लिहिलंस तर प्रकरण त्याच्यावर शेकेल आणि तो एक तारखेला परत जाईल. खरं काय ते तुला ठाऊक. मी आत्ता चहा घ्यायला जातोय."

"काका, हा कागद कोण कोण वाचेल?"

"मी. मुख्यालय. आणि तो. तुझ्या जबाबात त्याचा उल्लेख असला तर त्यानं वाचून खाली आपलं म्हणणं लिहायचं असतं."

ते गेले. तिनं तीन वेळा लिहिलं, दोन वेळा फाडलं. शेवटी लिहिलं ते साध्या अक्षरात:

'अकरा चाळीस ते एक दहा या वेळात दोन्ही पोझिशन उघड्या ठेवण्याइतकी वाहतूक नव्हती. सहकारी शेजारी बसलेला असावा, म्हणून मी त्या उघड्या ठेवल्या. गेल्या दोन महिन्यांत असं एकोणीस वेळा केलं. त्याची झोप माझ्यामुळे मोडली. त्यानं मला गुरुवारी एक प्रश्न विचारला होता. उत्तर "थांब" असं आहे. ते मी वेळेवर दिलं नाही, हीही माझीच चूक.'

काकांनी उभ्यानंच वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"शेवटच्या तीन ओळी मुख्यालयाच्या काय कामाच्या?"

"राहू द्या काका."

"एकोणीस... मोजलंस?"

"हो."

"चौकशी संपेपर्यंत तुझी पाळी बंद. कदाचित परवानाही काही दिवस जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"घरी जा. झोप."

घरी आईनं दार उघडलं. "आज एवढा उशीर? आणि चेहरा असा का?"

"काही नाही गं. एक कागद लिहायचा होता."

"रडलीस का हसलीस, तेच कळत नाहीये मला," आई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

शनिवारी सकाळी साडेअकराला काकांनी त्याला बोलावून तिच्या जबाबाचा कागद हातात दिला. लिहायला मुदत सोमवारपर्यंत होती, घरी न्यायलाही हरकत नव्हती. तो तिथेच बसला. सव्वाचारला तिला काकांचा फोन आला. चौकशीतलं काही सांगायचं नाही, असं आधी त्यांनीच बजावलं, आणि मग एवढंच सांगितलं: तो अजून बसलेला आहे, आणि रकान्यातली जागा पुरत नाही म्हणून त्यानं कारकुनाकडून आणखी दोन कागद मागून घेतले आहेत.