टेकेपर्यंत दाबलेला क्लच

"कालवा!" रेडिओ ओरडला. "सुट्टीचा पहिला दिवस, आणि आपण पायरीवर बसून माश्या मारायच्या? चला, आधी पोहायचं, मग टेकडीवर जायचं, मग..."

"कालव्याला पाणी सोडलंय का?" शंकासुराने विचारलं.

"सोडलं असेलच की!"

"असेल म्हणजे? तू बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? उन्हाळ्यात पाणी सोडतातच!"

"मागच्या उन्हाळ्यात सोडलं नव्हतं. तू उडी मारली होतीस आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला होतास."

रेडिओ गप्प बसला. त्याने गप्प बसणं म्हणजे नवलच, कारण सकाळी एकदा सुरू झाला की झोपेपर्यंत त्याला कुणी बंद करू शकत नसे. म्हणून तर तो रेडिओ! शंकासुर ही त्याच्याच वर्गातली मुलगी. 'आज शुक्रवार आहे' असं कुणी म्हणालं, तरी ती 'नक्की का?' म्हणून विचारायची. आणि तिसरी मुंगी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, पण चालायला लागली की दोघांना मागे टाकणारी.

"मुंगे, तू सांग! कालवा की टेकडी?"

"काहीही," मुंगी म्हणाली.

हल्ली कशालाही तिचं हेच उत्तर असायचं. अपघात झाल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. भूक नाही, राग नाही, रडू तर नाहीच नाही. गुडघा चांगला फुटला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर औषध चोळलं, तेव्हा शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस "आई गं!" म्हणून कळवळला. मुंगी मात्र दुसऱ्याच कुणाचा गुडघा असल्यासारखी बघत राहिली.

झालं होतं असं. मुंगीचा दादा औषधांच्या दुकानात नोकरीला लागला होता. घरोघरी औषधं पोचवायची, त्यासाठी बाबांनी त्याला जुनी मोटारसायकल घेऊन दिली होती. त्या दिवशी तो मुंगीला शाळेत सोडायला निघाला. चौकात सिग्नलला गाडी थांबली. सिग्नल सुटणार म्हणून दादाने जराशी रेस दिली, ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडीने आपली आपण उडी घेतली! समोर फळांची हातगाडी. दादाने हँडल वळवलं, हातगाडी वाचली, पण मोटारसायकल डाव्या अंगावर आडवी झाली आणि दादाचा पाय खाली सापडला.

"मी क्लच दाबला होता," दादा दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत होता. "मुठीला टेकेपर्यंत दाबला होता, बाबा!"

"दाबला होतास तर गाडी पुढे गेली कशी?" बाबांनी विचारलं.

मग सगळे मुंगीकडे वळले. तू मागेच बसली होतीस ना? दाबला होता का गं त्याने क्लच? मुंगीला दिसला होता फक्त दादाचा पाठीवर घामेजलेला शर्ट. ती म्हणाली, "माहीत नाही." तेव्हा दादाने तिच्याकडे एकदा बघितलं. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं, आणि अजून तो भिंतीकडेच तोंड करून पडला होता. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. ताटं वाढली जायची आणि उचलली जायची.

गॅरेजमधल्या मेकॅनिककाकांनी गाडी दुरुस्त करून दिली आणि सांगितलं, "क्लच एक नंबर आहे. पोराचंच लक्ष नव्हतं." ते दुकानाच्या मालकांच्या कानावर गेलं. बेफिकीर मुलाच्या हाती मी लोकांची औषधं देणार नाही, म्हणाले. आणि आज संध्याकाळी मेकॅनिककाका गाडीला गिऱ्हाईक घेऊन येणार होते.

"म्हणजे आज गाडी जाणार?" रेडिओ पायरीवरून उठला. "मग मला एकदा तरी बसू दे तिच्यावर! मुंगे, प्लीज!"

"बस," मुंगी म्हणाली.

गाडी अंगणात मधल्या स्टँडवर उभी होती. रेडिओ वर चढला, तोंडाने "ढुर्रर्र" करायला लागला आणि मध्येच थांबला. "अरेच्चा! हे बघा! एका हाताला कोट आणि दुसरा उघडाबंब!"

खरंच की! हँडलच्या उजव्या मुठीवर तपकिरी रेक्झिनचं जाड आवरण होतं. डावीवर नुसतं काळं रबर.

आता हे इतरांना साधं वाटेल. पण मुंगीच्या घरात उघडी मूठ ही अशक्य गोष्ट होती. बाबांचा धंदा सोफ्यांना आणि गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचा, आणि त्यांचे हात कधी स्वस्थ बसत नसत. उरलेला फोम आणि रेक्झिन घेऊन ते दिसेल त्याला अंगरखा चढवायचे. बादलीची कडी, किटलीचा कान, खिडकीचा अडसर, आजोबांची काठी, सगळं मऊ मऊ! आई म्हणायची, "मी फार वेळ एका जागी बसत नाही. न जाणो, मलाही शिवून टाकतील."

"डावी मूठ कशाची असते?" शंकासुराने विचारलं.

"क्लचची!" रेडिओ म्हणाला. "माझ्या ताईने शिकवलंय मला. क्लच म्हणजे इंजिनाने चाकाचा हात धरलेला असतो, तो सोडवायचा. मुठीपुढचा हा लिव्हर पूर्ण दाबला की हात सुटतो. अर्धवट दाबला की इंजिन चाकाला ओढतच राहतं!"

शंकासुर मुठीकडे बघत राहिली. "मग हिचा कोट गेला कुठे?"

मुंगीने खांदे उडवले. पण पाय मात्र गॅरेजच्या वाटेला लागले होते, आणि नेहमीप्रमाणे ती दोघांच्या पुढे होती.

मेकॅनिककाका एका स्कूटरचं चाक काढत होते. "काय पलटण? सुट्टी लागली वाटतं!"

"काका, आमच्या गाडीच्या डाव्या मुठीवरचं कव्हर कुठे गेलं?" मुंगीने विचारलं.

"ते होय! पडल्यामुळे फाटलं होतं. सोलून काढलं आणि नवं रबर चढवलं."

"आणि क्लच तपासला?" शंकासुर म्हणाली.

"तपासला म्हणजे काय! गाडी बंद ठेवायची, गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबायचा आणि ढकलायची. हलली तर क्लच सुटतोय, अडली तर सुटत नाहीये. तुमची कशी लोण्यासारखी हलली!"

"कव्हर काढायच्या आधी तपासलात की नंतर?"

काकांनी पाना खाली ठेवला. डोकं खाजवलं. "नंतर," ते म्हणाले. "पण त्याने काय फरक पडतो?"

शंकासुराने मुंगीकडे बघितलं. रेडिओ गप्प बसला, आज दुसऱ्यांदा! मुंगीची नजर कोपऱ्यातल्या हवा भरायच्या पंपावर गेली होती. पंपाच्या दांड्याला तारेने बांधलेलं, फाटकं, तपकिरी काहीतरी होतं.

"अगं, फोम चांगला होता," काका ओशाळून म्हणाले. "टाकवला नाही. हाताला मऊ लागतं."

"आम्ही नेऊ?"

"न्या. पण ही काय भानगड आहे, सांगाल का मला?"

"संध्याकाळी!" रेडिओ ओरडला, आणि तिघं पळाली.

अंगणात पोचल्यावर मुंगीने ते आवरण उलटंपालटं केलं. शिवण बाबांची. तिरका टाका, कुठेही ओळखला असता. वर तपकिरी रेक्झिन, खाली फोम. आणि त्याच्याही खाली निळं रेक्झिन, आणि पुन्हा फोम.

"दोन थर?" शंकासुर म्हणाली.

मुंगीला आठवलं. आधी निळं होतं. मग दादाच्या तळहाताला फोड आले. जेवताना त्याने हात लपवला, तरी बाबांनी पाहिलं. त्याच रात्री त्यांनी दोन्ही मुठींवर तपकिरी थर चढवला. आई म्हणाली होती, "अहो, उद्या करा." बाबा म्हणाले होते, "पोराचा हात सोललाय." आणि दुसऱ्याच दिवशी दादा म्हणत होता, आज न्यूट्रल काही सापडत नाहीये, गिअर खाडकन पडतोय. बाबा हसले होते. हात बसेल हळूहळू, म्हणाले होते. त्यानंतरच्या सकाळी अपघात झाला.

तिघांनी ते आवरण काळ्या रबरावर गुंडाळलं आणि सुतळीने घट्ट आवळलं. गाडी स्टँडवरून खाली घेतली. रेडिओने गिअर टाकला. मुंगीने दोन्ही हातांनी लिव्हर दाबला. लिव्हर मऊ रेक्झिनला जाऊन टेकला आणि थांबला.

"ढकला!" ती म्हणाली.

रेडिओ आणि शंकासुराने जोर लावला. गाडी जागची हलली नाही.

"अजून दाब!"

"टेकला," मुंगी म्हणाली. "टेकेपर्यंत दाबलाय."

ते तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच ऐकू आलं. दादा खोटं बोलला नव्हता. सगळे खरं तेच सांगत होते. काकांनी क्लच तपासला तो उघड्या मुठीवर, आणि दादाने दाबला तो दोन थरांवर. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. मुंगीने वाट पाहिली. काहीच झालं नाही, आत सगळं तसंच बधिर.

"मुंगे," शंकासुर हळूच म्हणाली, "सांगायचं का? म्हणजे... ते तुझ्या बाबांनी केलंय."

या वेळी उत्तर 'काहीही' नव्हतं. "सांगायचं," मुंगी म्हणाली.

संध्याकाळी मेकॅनिककाका गिऱ्हाइकाला घेऊन आले. बाबा दुकानातून आले, हाताला धाग्याचे तुकडे चिकटलेले. मोटारसायकल अंगणाच्या मधोमध उभी, आणि तिच्याभोवती तीन पहारेकरी!

"बाजूला व्हा रे पोरांनो," बाबा म्हणाले.

"बाबा, आधी तुम्ही ढकला," मुंगी म्हणाली. "गिअर टाकलाय. क्लच मी दाबते."

"काय खेळ लावलाय?"

"एकदाच!" रेडिओ म्हणाला. "विकायची तर नीट तपासून विकायला नको?"

गिऱ्हाइकाने मान डोलावली, म्हणून बाबांनी ढकललं. गाडी हलली नाही. त्यांनी पाय रोवून ढकललं. मागचं चाक मातीत नुसतं खरडलं.

"दाब ना नीट!"

"टेकेपर्यंत दाबलाय, बाबा."

बाबांनी मुठीकडे पाहिलं. सुतळी, फाटकं तपकिरी रेक्झिन, स्वतःचा तिरका टाका. मेकॅनिककाका पुढे आले आणि वाकून बघताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी हे काढून मग तपासलं! आधी तपासायला हवं होतं!"

बाबांनी खिशातलं छोटं ब्लेड काढलं. सुतळी कापली, मग तपकिरी थराची शिवण उसवली, एकेक टाका, शिवताना घ्यावी तितकीच काळजी घेत. निळा थर तेवढा राहिला, तो त्यांनी सुतळीने पुन्हा आवळला. "दाब," ते म्हणाले. मुंगीने लिव्हर दाबला. बाबांनी एका हाताने ढकललं, आणि गाडी सरळ पुढे गेली.

बाबा तपकिरी रेक्झिन हातात घेऊन उभे राहिले. मग तसेच घरात गेले. खिडकी उघडी होती, अंगणात सगळं ऐकू आलं.

"दाबला होतास तू," बाबा म्हणत होते. "टेकेपर्यंत दाबला होतास. मीच तो पुढे जाऊ दिला नाही रे."

मग खाट करकरली. दादा कुशीवर वळत होता, भिंतीकडून इकडे.

"माझ्या हाताला फोड आले होते म्हणून केलंत ना," दादा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "बाबा, रडू नका हो. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक परत चाललंय!" मेकॅनिककाका खिडकीतून ओरडले. "गाडी विकायची नाही. आणि औषधवाल्या मालकांकडे मी स्वतः जातो. चूक माझ्या तपासणीत होती, ती मीच सांगणार!" मग ते पोरांकडे वळले. "शाबास रे पठ्ठ्यांनो! आधी की नंतर, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही."

"तो माझा प्रश्न होता," शंकासुर म्हणाली. "पण शाबासकी नक्की तिघांना आहे ना?"

"कोट नाही हे मी शोधलं!" रेडिओने छाती फुगवली, आणि जो सुरू झाला तो काही केल्या थांबेना.

आई दारात आली. तिने मुंगीला आत बोलावलं. "ये, दादा विचारतोय तुला."

मुंगी खाटेजवळ गेली. दादाचे डोळे लाल होते. त्याने तिच्या डोक्यावर हलकीच टपली मारली. "काय गं साक्षीदार! आता तरी माहीत झालं का?"

मुंगीला हो म्हणायचं होतं. पण खाटेच्या कडेला तिचा गुडघा आपटला आणि इतके दिवस गप्प असलेला तो गुडघा असा काही ठणकला, की तिने भोकाड पसरलं.

"अगं, काय झालं?" आई घाबरली.

"दुखतंय!" मुंगी हमसून हमसून रडत म्हणाली. "खूप दुखतंय, आई!"

बाबांनी हातातलं रेक्झिन खाली टाकलं आणि तिला जवळ घेतलं.