एमेरिता आजींचा लालो

"समोरची खोली माझी!" आर्सेनिओ ओरडत दारातून आत घुसला.

"अरे, घर आपलं तरी होऊ दे! सह्या उद्या आहेत," नीमिया धाकट्या भावावर खेकसली.

इताउग्वा गावातलं हे घर शेजारच्या एमेरिता आजींचं. त्या जाऊन पाच महिने झाले होते. त्यांची मुलं, विल्फ्रिदो आणि ओब्दुलिया, ते आता नीमियाच्या आईबाबांना विकत होती. लेस विणता विणता आजी हळूच हातावर पेरूची वडी ठेवायच्या, ते नीमियाला आठवलं. ओसरी आता रिकामी होती.

"इकडे या, लवकर!" मैत्रीण सुनिल्दाने स्वयंपाकघरातून हाक मारली. झाडताना दाराच्या चौकटीवरच्या रंगाचा पोपडा निघाला होता. खाली उंचीच्या रेघा होत्या आणि तीन नावं: विल्फ्री, ओबी, लालो.

"मुलं तर दोनच ना? मग हा लालो कोण?"

"कुत्रा असेल!" आर्सेनिओ म्हणाला.

"कुत्र्याची उंची मोजतात होय रे, शहाण्या!"

नीमियाने बाबांना विचारलं. "नोटरींनी सगळे कागद पाहिलेत. जा, खेळा," बाबांनी वाटेला लावलं.

खेळतंय कोण! तिघांनी घर धुंडाळलं. आजींच्या दोऱ्यांच्या डब्यात पत्रं सापडली. ब्वेनोस आयरेसहून आलेली, प्रत्येकाची सुरुवात 'प्रिय आई' आणि शेवटी 'तुझा लालो'. शेवटच्या पत्रात एका बेकरीचा फोन नंबर होता. सुनिल्दाच्या मावशीच्या दुकानातून नीमियाने तो फिरवला.

"लालोकाका? मी एमेरिता आजींच्या शेजारची... आजी गेल्या, काका."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कधी?" लालोकाकांनी विचारलं. "मला कुणी कळवलंच नाही गं! मी आजच बस पकडतो."

सकाळी सह्यांसाठी विल्फ्रिदो आणि ओब्दुलिया आले, पाठोपाठ नोटरी आले. इथल्या जानेवारीच्या, भर उन्हाळ्यातल्या उकाड्याने घामाघूम झालेले!

"मुलांनो, बाहेर!" बाबांनी दरडावलं.

"नोटरीसाहेबांना तेरेरेचा थंडगार पेला तरी देऊ दे," नीमिया गोड आवाजात म्हणाली. "बर्फ स्वयंपाकघरात आहे. चला ना साहेब, आत गार आहे!"

साहेब गेले आणि थेट त्या चौकटीसमोर उभे राहिले! सुनिल्दाने पत्रं पुढे केली. नोटरींचा चेहरा पडला.

"तिसरा वारस? त्याची सही नसेल तर ही विक्री उद्या मोडू शकते! विल्फ्रिदो, हे काय?"

विल्फ्रिदोने मान खाली घातली. "अठरा वर्षांपूर्वी भांडून गेला तो. मी कागदांत त्याचं नावच दिलं नाही."

"आणि मी गप्प बसले," म्हणत ओब्दुलिया रडू लागली.

आईने कपाळाला हात लावला. "अगं बाई, सगळं देऊन बसलो असतो आणि घर गेलं असतं!"

संध्याकाळी लालोकाका फाटकाशी आले. विल्फ्रिदोने पुढे होऊन भावाची पिशवी घेतली.

"केवढा वाळलायस रे!" एवढंच बोलला आणि त्याचा बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी तिघांच्या सह्या झाल्या. "इतकी वर्षं कागद बघतोय, पण या पोरांनी मला चूक दाखवली. शाबास!" नोटरी म्हणाले. बाबांनी स्वतःचे कान पकडले. "तुमचं ऐकायला हवं होतं."

सामान घेऊन नीमियाच्या घरचे फाटकाशी पोचले, तेव्हा आतून तिघा भावंडांचं हसणं ऐकू आलं. लालोकाका एमेरिता आजींची नक्कल करत होते. आर्सेनिओ आत धावणार, तोच आईने त्याला धरलं आणि गाठोडं भिंतीशी ठेवलं.

"बस इथेच. आजचा दिवस घर त्यांचं आहे."