लेहरा

सकाळी पाण्याच्या मोटरवरून भांडण निघालं आणि चांगलं रंगात आलेलं असताना अनुजानं ते मध्येच सोडून दिलं.

"टाकी भरून वाहतेय, जिना सगळा ओला झालाय, आणि हा माणूस पुस्तकात डोकं घालून..." ती म्हणत होती. तेवढ्यात मिहीरच्या शर्टाखालून बारीक टिकटिक ऐकू आली. तिनं दोन्ही हात वर केले. "राहू दे. मी काही बोलले नाही. श्वास घे."

"घेतोय."

"नीट घे. आता आतून आबा ओरडतील."

आतून आबा ओरडलेच. "अरे, काय चाललंय तिकडे? माझ्या छातीत धावपळ सुरू झाली ना!"

"इतकी वर्षं झाली लग्नाला," अनुजा फडकं शोधत पुटपुटली, "आणि आता नवऱ्याशी भांडायचं तर सासऱ्यांच्या हृदयाला विचारायचं."

मिहीर हसला. हसणं चालत असे. राग, घाई, भीती चालत नसे. उन्हाळ्यापासून त्याच्या छातीवर डावीकडे बोटभर लांबीची एक पट्टी चिकटवलेली होती. त्याच्या हृदयाचा प्रत्येक ठोका ती टिपायची आणि आबांच्या छातीत बसवलेल्या यंत्राकडे पाठवायची. ते यंत्र तसाच ठोका आबांच्या हृदयाला द्यायचं. मिहीर जिना चढला की आबांना दम लागायचा. तो दुपारी आडवा झाला की आबाही जांभया द्यायचे.

मिरजेतल्या ज्या रुग्णालयात आबांना नेलं होतं, तिथल्या डॉक्टर इनामदारांनी हे समजावून सांगितलं होतं. हृदयाला चालना देणारी आबांची गाठच झटक्यात निकामी झाली होती. "जुन्या पद्धतीचं यंत्र बसवता येईल, पण ते घड्याळासारखे सारखे ठोके देतं," त्या म्हणाल्या होत्या. "जिवंत हृदय असं चालत नाही. श्वास घेताना ते किंचित धावतं, सोडताना रेंगाळतं. थकलेल्या हृदयाला घड्याळ सोसत नाही, खचत जातं. म्हणून आम्ही जवळच्या नातेवाइकाची लय उसनी घेतो. अशा माणसाला आम्ही लयदाता म्हणतो. तुम्ही व्हाल?"

मिहीर लगेच हो म्हणाला होता. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. दाता या शब्दानं मात्र तो अवघडला. आयुष्यात त्यानं आबांना लयच तर दिली होती, आणि तीही त्यांच्याच हुकमाप्रमाणे.

आबा म्हणजे गजानन शेवडे, तबलावादक. ते एकट्यानं तबला वाजवायला बसले की मिहीर पेटीवर लेहरा धरायचा. तालाच्या लांबीची एकच सुरावट, ती पुन्हा पुन्हा, न थकता, न चुकता वाजवत राहायची. तिच्या आधारावर तबलजी वाटेल तिथे भटकून येतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, घरी परततो. लेहरा धरणाऱ्यानं स्वतःचं काही वाजवायचं नसतं. तबलजीच्या मानेकडे बघायचं. मान हलली की लय वाढवायची. मिहीर वाचनालयात नोकरी करायचा, चार माणसांत बोलताना अडखळायचा, पण या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे पुढे तर मानेकडे बघायचीही गरज उरली नाही. आबांच्या मनात आलं की त्याची बोटं आपोआप वेग घ्यायची.

त्या दिवशीही, पहिला झटका आला तेव्हा, असाच रियाज चालला होता. चंद्रकंस रागातला लेहरा होता. आबांनी तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा लागोपाठ तीनदा. तिचा शेवटचा 'धा' समेवर पडायला हवा होता. तो पडला नाही. सम गिळून टाकायची, सगळ्यांना अधांतरी ठेवायचं आणि पुढच्या आवर्तनात अचानक उगवायचं, ही आबांची नेहमीची खोडी. मिहीर मनात हसला आणि खाली मान घालून वाजवत राहिला. पुढचं आवर्तन रिकामं गेलं. त्याच्या पुढचंही. चहा घेऊन आलेल्या अनुजाच्या हातून ट्रे पडला, तेव्हा त्यानं मान वर केली. आबा डग्ग्यावर कलले होते.

त्यानंतर रुग्णवाहिका दारात येईपर्यंत तो आबांची छाती दाबत राहिला. आबा वाचले. आपण वाजवत बसलो, हे मात्र त्याच्या मनातून जाईना. ते थांबले तेव्हा मीही थांबायला हवं होतं, असं तो स्वतःला बजावत राहिला. झोपेतसुद्धा.

एकदा धीर करून तो आबांशी हे बोलला. आबा म्हणाले, "खुळा आहेस. लेहरा ऐकू येत होता म्हणून तर मला परत यायची जागा सापडली. वाजवणारा थांबला म्हणून लेहरा थांबतो का कधी?"

मोटरवरून भांडण झालं त्याच दुपारी अनुजा बाजारात गेली. मिहीर वाचत बसला होता. आतल्या खोलीत काहीतरी घसटल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आबांनी खुर्चीवर चढून कपाटावरचा तबला काढलेला.

"आबा! डॉक्टर नको म्हणाल्यात."

"मला तबला नको म्हणाल्यात. तुला पेटी नको म्हणाल्यात का?"

"नाही, पण..."

"मग वाजव. मी नुसता ऐकतो. हे बघ, हात मांडीवर."

मिहीरनं पेटी ओढली. तोच लेहरा, अगदी संथ. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची बोटं मांडीवर हलू लागली. मग एक हात तबल्याच्या कडेवर, चाटेवर आला, नुसता टेकला. मिहीरला ते दिसत होतं. थांबावं असं वाटत होतं. पण आबांच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी रंग आला होता!

पहिला 'धा' पडला आणि मिहीरचं काळीज उचंबळलं. पट्टीनं ते टिपलं आणि आबांना दिलं. छातीत बळ आल्यासारखं वाटून आबांनी लय किंचित चढवली. मिहीरची बोटं त्यांच्याबरोबर गेली. बोटांबरोबर नाडी गेली. ती पुन्हा आबांकडे, आबांकडून तबल्याकडे, तबल्याकडून मिहीरकडे. हे चक्र दोघांपैकी कुणीच सुरू केलं नव्हतं आणि कुणालाच ते थांबवता येत नव्हतं. आबांनी इतकं सुरेख कधीच वाजवलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ निळसर पडत चालले होते आणि ते हसत होते.

टिकटिक सुरू झाली. मग ती एका लांब शिट्टीत बदलली. फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. पट्टीनं रुग्णालयाला परस्पर कळवलं होतं.

"शेवडे, काय करताय तुम्ही? दोघांचीही गती भयानक आहे!"

"पट्टी काढतो, काढतो मी..."

"हात लावू नका! एवढ्या वेगात जोड तुटली तर त्यांचं हृदय नुसतं थरथरत राहील, रक्त पुढे जाणारच नाही. गाडी निघालीय. तोवर तुम्ही शांत व्हा."

"कसा होऊ?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्हीच व्हायला हवं. त्यांच्या हातात काही नाही."

आबांचा तबला सुटला होता, हात हवेतच हलत होते. मान मात्र त्याच खुणेनं हलली. वाढव. मिहीरची बोटं निघालीच होती. त्यानं ती रोखली. त्यानं भाता सावकाश ओढला आणि लेहरा निम्म्या लयीत धरला. आबांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत राग होता, तबलजीचा राग, मैफलीत साथीदारानं दगा दिल्यावर येतो तसा. मिहीर त्या नजरेला कायम भीत आला होता. आता भ्यायलाही परवानगी नव्हती. त्यानं पेटीच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि एकेक स्वर जमिनीवर ठेवावा तसा ठेवत गेला. आबा इथे नाहीत. कुणीच नाही. फक्त ही सुरावट आहे आणि ती मी वाजवतोय.

शिट्टीची पुन्हा टिकटिक झाली. टिकटिक विरळ झाली. आबा लोडावर रेलले. रुग्णवाहिकेतली माणसं आत आली तेव्हा ते पुटपुटत होते, "पाडलीस ना लय, गाढवा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इनामदारांनी निर्णय सांगितला. ही जोड आता धोक्याची आहे. काही दिवस आबांना साधे, घड्याळी ठोके देऊन बघू. मिहीरची पट्टी काढली. त्याच्याही हृदयावर ताण आला होता, म्हणून त्याला शेजारच्याच खोलीत झोपवून छातीला तारा जोडल्या. पडद्यावर दोन रेषा दिसत होत्या, वरची आबांची, खालची त्याची.

"आता भांडता येईल," अनुजा त्याचा हात दाबत म्हणाली. "मोटरचं अजून बाकी आहे."

डॉक्टर मात्र पडद्याजवळून हलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. वरची रेषा घड्याळासारखी सरळसोट उड्या मारत होती. खालचीही. एकाच क्षणी.

"तुमची जोड तोडलीय मी," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्या हृदयानं आपल्या लयीत चालायला हवं."

"चालत नाही?"

"मागच्या नोंदी बघतेय. सुरुवातीला तुमचा ठोका आधी, त्यांचा नंतर. तसंच असायला हवं. पण पाऊस लागल्यापासून त्यांचा आधी आहे. तुमचा किंचित मागून." त्यांनी वरच्या रेषेवरून खालच्या रेषेकडे बोट नेलं. "त्यांच्याकडून तुमच्याकडे यायला या यंत्रात रस्ताच नाही."

अनुजाची पकड घट्ट झाली. मिहीरला आश्चर्य वाटलं नाही, याचंच त्याला भय वाटलं. मान दिसत नसतानाही बोटं जायची, तसंच हे.

"योगायोग असेल," डॉक्टर म्हणाल्या. "एक साधी तपासणी करते. त्यांचं यंत्र क्षणभर थांबवते. त्यांचं हृदय आपणहून सुरू होतं का बघायचं. नाही झालं तर लगेच चालू करीन. हे आम्ही नेहमी करतो."

"डॉक्टर, नको..." अनुजा म्हणाली. पण तोवर त्यांचं बोट कळीवर पडलं होतं.

वरची रेषा आडवी झाली.

मिहीरला छातीत काही दुखलं नाही. फक्त तिहाई संपली आणि शेवटचा 'धा' आला नाही. खालची रेषाही आडवी झाली होती. हेच आपण स्वतःला शिकवलं, त्याला जाणवलं. ते थांबले की थांबायचं. वाजव, तो आपल्या हृदयाला म्हणाला, अरे, वाजव. पण ते मान खाली घालून, आज्ञाधारकपणे, वाट बघत होतं. खोलीच्या कडा काळवंडत गेल्या.

मग दोन्ही रेषांनी एकदम उडी घेतली.

"मी यंत्र चालू केलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "अजूनही केलेलं नाही."

भिंतीपलीकडे आबा खोकले आणि त्यांनी कुणाकडे तरी पाणी मागितलं. अनुजा रडत होती. पडद्यावरच्या रेषा आता घड्याळासारख्या नव्हत्या. श्वासाबरोबर किंचित धावत होत्या, रेंगाळत होत्या. दोघांपैकी आधी कोण सुरू झालं, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहिलं. त्यांना ते सांगता येईना.

मिहीर डोळे मिटून पडून राहिला. एक ना एक दिवस आबा सम गिळतील आणि पुढच्या आवर्तनात उगवणार नाहीत. लेहरा थांबत नसतो, असं तेच म्हणाले होते. त्या दिवशी हे त्याच्या हृदयाला कोण सांगणार होतं?