शेवटचा आकडा

ही हकीकत कल्पित नाही. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्या माझ्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा चुकीचा सांगितला नव्हता...

एक सोडला तर.

आणि तो तरी चुकला होता का, एवढाच या हकीकतीतला प्रश्न आहे.

वेळ रात्रीची नव्हती. हिवाळ्यातला मंगळवार, दुपारचे साडेचार. स्थळ म्हणजे मामांच्या घराला लागून असलेली त्यांची कामाची खोली. एक खिडकी, एक लाकडी टेबल, सुटे भाग धुण्याचे रॉकेलचे ताट आणि समोरच्या भिंतीशी कार्डांचे कपाट.

मामांचा व्यवसाय जगावेगळा होता. जुन्या मोटारींचे कार्बोरेटर ते ओळखून देत. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला पुरवणारे हे ओंजळीएवढे यंत्र. पाहणाऱ्याला सगळी सारखीच वाटतात. खरी ओळख असते ती अंगावर इंग्रजी आकड्यांत ठोकलेल्या नंबरात. झाकणाच्या स्क्रूखाली एक पितळी पट्टीही असते आणि तिच्यावर तोच नंबर असतो. पण पट्टी सुटी होते, अंगावरचा नंबर सुटत नाही.

"पट्टी म्हणजे नुसता अंगरखा," मामा म्हणत. "जन्मखूण अंगावर शोधावी."

वाचण्याची त्यांची रीत ठरलेली होती. नंबरावर खडू घासायचा. अंगठ्याने पुसायचा. खाचांत पांढरे उरते. मग बाजूने टॉर्च धरून एकेक आकडा मोठ्याने उच्चारायचा. कपाटापाशी स्टुलावर त्यांचा मुलगा बसे. घरात सगळे त्याला दादा म्हणत. वडिलांनी उच्चारलेला प्रत्येक आकडा तो पट्टीशी आणि कपाटातल्या नोंदीच्या कार्डाशी ताडून परत उच्चारी. शेवटचा आकडा झाला की पेन्सिल कपाटावर दोनदा वाजवी आणि म्हणे, "जुळला, बाबा."

जुळला नसेल, तर तसे सांगताना त्याने वडिलांची कधी भीड ठेवली नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रॉकेलच्या ताटात दोन कार्बोरेटर होते. चार आकडे दोघांचे सारखे, फक्त शेवटचा वेगळा. एकाचा आठ, एकाचा तीन. आठाचा त्या गाड्यांसाठी, ज्यांत पंप पेट्रोल ढकलतो. तिनाचा त्या गाड्यांसाठी, ज्यांत टाकी उंचावर असते आणि पेट्रोल आपल्याच भाराने उतरते. तिनाच्या आतले भोक मोठे. तो पंपाच्या गाडीवर बसवला, तर पेट्रोल आवरत नाही. ते तापलेल्या इंजिनावर सांडत राहते.

दोन्ही पट्ट्या सुटून ताटात एकत्र झाल्या होत्या. कोणती कोणाची, हे मामांनी नजरेनेच ठरवले आणि स्क्रू आवळले.

"बाबा, अंगावरचा वाचून घेऊ का?" दादाने विचारले होते.

"मला शिकवतोस होय रे? ऊठ, अंधार पडायच्या आत घाट उतर."

दादा हसला. आठाची पट्टी असलेला कार्बोरेटर त्याने आपल्या पंपाच्या गाडीवर चढवला आणि तो निघाला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीने पेट घेतला.

त्या कार्बोरेटरचा आगीत गोळा झाला. त्याच्यावर वाचण्याजोगे काही उरले नाही. घरी राहिला तो दुसरा, तिनाच्या पट्टीचा. त्याच्या अंगावर तीनच निघाला, तर मामांचा दोष नव्हता. आठ निघाला, तर...

मामांनी तो वाचला नाही. फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवला. अकरा वर्षे तो डबा खाली आला नाही.

मामींनी त्या संध्याकाळचे बोलणे दारातून ऐकले होते. पुढे त्यांनी एका शब्दानेही काही विचारले नाही. फक्त कामाच्या खोलीचा उंबरठा पुन्हा ओलांडला नाही. चहाचा कप त्या उंबरठ्यावरच ठेवत. दोष दिला असता तर मामांना सोसले असते. हे मौन सोसत नव्हते.

त्या मंगळवारी मामांचा जुना स्नेही, भंगारवाला, आला. "मिस्त्री, तिनाचा कार्बोरेटर पाहिजे. गिऱ्हाईक म्हातारं आहे आणि गाडी त्याच्याहून म्हातारी. दोघांतलं एक तरी चालू करून द्यायचंय."

"माझ्याकडे नाही."

"वहिनी तर म्हणाल्या, वरच्या फळीवर आहे."

मामांनी दाराकडे पाहिले. मामी कप घेऊन उभ्या होत्या.

"मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. उद्या वाचायचं म्हटलंत तरी वाचता येणार नाही. एकदा वाचा. मग द्या, नाहीतर नका देऊ."

भंगारवाला ओशाळून "उद्या येतो" म्हणत चपला घालून गेला. मामी आत वळल्या. कप उंबरठ्यावर राहिला.

मामांनी डबा खाली काढला.

फडक्याची गाठ अकरा वर्षांत घट्ट बसली होती. सुटली. कार्बोरेटर तसाच होता, पट्टीसकट. त्यांनी खडू घासला. अंगठा फिरवला. टॉर्च धरला.

शेजारी पत्रे ठोकणाऱ्याचे काम चालू होते. तो आवाज दिवसभर असे.

तो एकाएकी थांबला...

मामा सवयीने मोठ्याने म्हणाले, "तीन."

"...तीन."

आपलेच शब्द रिकाम्या खोलीत घुमले, असे त्यांना वाटले. त्यांनी मान वर केली नाही.

"सात."

"...सात."

हा घुमल्याचा आवाज नव्हता. तो कपाटाच्या बाजूने येत होता. स्टूल करकरले... कोणी पुढे झुकल्यावर करकरते तसे.

मामांना भय वाटले नाही. पुढे मला हे सांगताना ते म्हणाले, "भय परक्याचं वाटतं रे." पण डोळे भरून आले आणि समोरचे आकडे पोहू लागले. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"शून्य."

"...शून्य."

"चार."

"...चार."

आता शेवटचा. टॉर्च जवळ आला. खाचेत खडू बसला होता. वरचे वर्तुळ बंद. खालचेही बंद. मामांनी टॉर्च डावीकडून धरला, मग उजवीकडून.

आकडे वाचताना खोटे बोलायचे नाही, हा त्यांचा धर्म होता.

"आठ," ते म्हणाले.

पलीकडे काहीच नाही.

रॉकेलच्या ताटात एक थेंब पडला... मग दुसरा. मामा डोळे मिटून बसले. अकरा वर्षे ज्या उत्तराला ते भ्याले, ते आता मुलाच्याच तोंडून ऐकायचे होते.

मग...

"तीन," आवाज म्हणाला.

टक... टक...

"जुळला, बाबा."

मामांनी डोळे उघडले. स्टूल रिकामे होते. पेन्सिल कपाटावर आडवी पडली होती आणि हळूहळू गडगडत होती. ती काठाशी येऊन थांबली.

शेजारी पत्रा पुन्हा वाजू लागला.

"अहो..."

मामी उंबरठ्याच्या आत होत्या. अकरा वर्षांनी. अनवाणी, हाताला कणीक तशीच. "दादा जुळला म्हणाला ना? मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं."

मामांनी कार्बोरेटरवर तळहात ठेवला. नंबर झाकला.

"हो," ते म्हणाले. "जुळला."

मामी तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या. मामाही रडले. पण दोघांच्या रडण्याचे कारण एक नव्हते.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, तेव्हा मामांनी त्याला रिकाम्या हाताने पाठवले. "नंबर वाचता येत नाही," एवढेच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य प्रथमच कोणी ऐकले असेल.

मामा गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी त्यांनी मला हे सारे सांगितले आणि शेवटी विचारले, "आयुष्यभर मला चूक दाखवणारा पोरगा तो. माझ्यासाठी खोटं बोलला असेल का रे? की माझाच डोळा खोटा?"

 ते गेल्यावर एका दुपारी मी त्या खोलीत गेलो. माझी नजर चांगली आहे. खडू घासला, पुसला, टॉर्च धरला.

तीन. सात. शून्य. चार.

आणि त्यापुढे...

काहीच नाही. धातू गुळगुळीत. ठोकलेला आकडा अंगठ्याने घासून जात नाही, त्याला कानसच लागते. कानशीचा एकही ओरखडा तिथे नव्हता.

"जुळला ना रे?" मामींनी दारातून विचारले.

 मी टॉर्च विझवला, तोवर मामींनी पदराने डोळे टिपले आणि शांतपणे मान हलवली.

"ऐकलं हो, बाळा," त्या कपाटापाशीच्या स्टुलाकडे पाहत म्हणाल्या.

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. मी अजून तोंडही उघडले नव्हते.