काचेमागचा चेहरा

दुपारचा डबा उरकून ताई जागेवर येऊन बसली तेव्हा तिच्या वाट्याचे अजून चारशे फोटो बाकी होते. काम ऐकायला मजेशीर होतं. टपावर कॅमेरा लावलेली गाडी रस्तोरस्ती फिरून फोटो काढायची, ते फोनवरच्या नकाशात जायचे, आणि त्याआधी त्यातला प्रत्येक चेहरा पुसट करायचा. बहुतेक चेहरे यंत्रच पुसट करी. त्याच्या नजरेतून सुटलेले ताईने करायचे. एका फोटोला सहा सेकंद. साऱ्या जगाची अब्रू झाकायची आणि शिंकायलाही सवड नाही, असा मामला.

पहिल्याच फोटोत तिसऱ्या मजल्यावर, बंद काचेमागे एक बाई उभी होती. ताईने चेहरा पुसट केला आणि पुढचा फोटो उघडला. रस्ता वेगळा, इमारत वेगळी. खिडकी मात्र तीच, आणि बाईही तीच.

ताईने पडद्याजवळ तोंड नेलं. हा चेहरा तिने याआधी एकदाच पाहिला होता, गेल्या वर्षी. भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र असेल, असं समजून तिने तो तसाच पुढे सोडला होता. सहा सेकंद संपत आले होते, आणि लेकीला ताप भरलाय म्हणून शाळेतून फोन येत होता. ती बाई मारकुट्या नवऱ्यापासून पळून, नाव बदलून तिथे राहत होती. ‘नकाशात मी ओळखू येते, माझा चेहरा काढा,’ असा तिचा अर्जही आला होता. त्याला ‘तीस दिवसांत विचार केला जाईल’ असं ठरीव उत्तर गेलं. नवरा नवव्या दिवशी पोचला. बाई वाचली नाही.

चौकशीत ‘यंत्राची चूक’ असा शेरा पडला. ताईने ब्र काढला नाही. घरात कमावती ती एकटी, नोकरी गेली तर लेकीला घेऊन जायचं कुठे? पण त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

तिसरा फोटो, चौथा, पाचवा. कुठे बाजार, कुठे कारखाना, कुठे समुद्राकाठची घरं. सगळीकडे ती खिडकी. दहाव्या फोटोत बाईने काचेला कपाळ टेकलं होतं. काचेवर श्वासाची वाफ होती. ताई पुसट करी आणि चेहरा पुन्हा स्वच्छ होई. खोलीतली इतरांच्या कळफलकांची टकटक कधी थांबली ते तिला कळलं नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि नाकात बंद घराचा ओलसर वास शिरत होता.

ती घाबरली होतीच. पण भीतीहून मोठं काहीतरी तिच्या मनात दाटून आलं. एवढ्या अफाट जगातल्या लाखो खिडक्या ओलांडून ही बाई आपल्यापाशी आली, याचं तिला अपार नवल वाटलं. देवळात उभं राहावं तशी ती खुर्चीतून उठली.

“दादा, जरा इकडे या.”

ज्याला सगळे मुकादम म्हणत, तो तिचा वरिष्ठ चष्मा पुसत आला. पडद्याकडे बघून त्याचा हात तसाच राहिला.

“ही तर... ती...”

“हो. तिला मी सोडलं होतं. यंत्राने नाही.”

मुकादमाने आवाज खाली आणला. “ताई, ते प्रकरण मिटलंय. यंत्राला पोरंबाळं नसतात. आपल्याला आहेत. कशाला हात पोळून घेतेस?”

“तिच्या अर्जाला अजून कुणी हो म्हटलेलं नाही, दादा...”

तिने जुनं प्रकरण उघडलं. ‘यंत्राची चूक’ खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली अर्जाला उत्तर लिहिलं: ‘चूक माझी. तुमचा चेहरा मी झाकायला हवा होता.’ मुकादमाने अडवलं नाही. त्याने नकळत हात जोडले होते.

फोटोतली खिडकी आता सताड उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. ताईला रडू आलं, मोकळं, वर्षभराचं.

“पुढचा बघ,” मुकादम हळूच म्हणाला.

पुढचा फोटो ताईच्याच गल्लीचा निघाला, तारीख कालची, वेळ दुपारची. शाळा सुटली की ताई कामावरून परत येईपर्यंत लेक घरी एकटीच असे. गॅलरीत, कठड्याला धरून, लेक उभी होती. तिचा चेहरा यंत्राने पुसट केला नव्हता. मागच्या अंधाऱ्या दारातून एका बाईचा हात पुढे आला होता आणि लेकीच्या चेहऱ्यावर अलगद तळवा धरून होता. बोटांच्या फटीतून लेकीचं हसू दिसत होतं.