बकुळीच्या रांगेतलं एक झाड

ठाण्याच्या सार्वजनिक बागेचा इतिहास लिहून द्या, असा कमिटीचा निरोप आला. बाग मीच आखलेली, तेव्हा लिहायलाही मीच. खाडीकाठची खारट जमीन, तिच्यावर ओतलेली गोड माती, मुंबईहून आलेली रोपं, सगळं लिहून झालं. सेक्रेटरींचा एकच प्रश्न उरला. ज्या वाटेला लोक बकुळीची रांग म्हणतात, तिथे झाड एकच का?

त्याचं उत्तर इतिहासात घालण्याजोगं नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहितो आहे. मी वीस वर्षं सृष्टिशास्त्र शिकवलेला माणूस. वर्गात भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी बाकावर उभं करत असे.

१८८२चा पौष होता. उद्घाटनाला तीन आठवडे उरले होते आणि बाग उघडीबोडकी. मला उभी झाडं हवी होती. खाडीपलीकडे कळव्यात मिठागरांवर राबणाऱ्यांच्या अंगणांत पुरुषभर उंचीच्या बकुळी होत्या. मी पाटलाला विचारलं, आणि घरची माणसं मिठागरात असताना अकरा झाडं मुळांच्या गड्ड्यासकट काढून आणली. अंगणवाल्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. झाड हलवताना खोडाच्या उत्तर बाजूला चुन्याची खूण करतात, म्हणजे नव्या जागीही त्याचं तोंड फिरत नाही. खाडी ओलांडताना मचव्यात गोणपाटाला घासून सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. माळी थांबले. मी म्हटलं, लावा तशीच.

नवव्या दिवशी बायजा नावाची बाई आली. रांगेतल्या तिसऱ्या झाडापाशी जाऊन तिने एका फांदीवर हात ठेवला. ही फांदी आपल्या दाराकडे होती, म्हणाली.

"मास्तर, माजे पोरीचा झार तुमी उलटा लावलाव. तिची नाल त्याचे खाली पुरली होती."

तिची पाच वर्षांची लक्ष्मी नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. अन्न शिवत नव्हती. झाड फिरवा, एवढंच बायजाचं मागणं होतं. मी तिला समजावलं, की एकदा हलवलेलं झाड लगेच पुन्हा हलवलं तर दहांत एखादंच जगतं. ती ऐकत राहिली आणि गेली नाही. शेवटी तिचा भ्रम घालवावा म्हणून मी होकायंत्र काढलं आणि फांदीची दिशा मोजली. दोनशे दहा अंश.

तिच्यासोबत कळव्याला गेलो. भर दुपारी गल्लीतली बरीच दारं लावलेली होती. लक्ष्मी भिंतीशी बसली होती, हाडांचा सापळा झालेली. मी तिचे खांदे धरून तिला दाराकडे वळवलं. ती सावकाश पुन्हा फिरली, डोळे मिटलेले. तिच्या डोक्यामागे होकायंत्र धरलं.

दोनशे दहा.

तिला पुन्हा वळवलं, ती पुन्हा तिथेच आली. आणि बायजाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः खड्ड्यात उतरलो. गड्डा न फोडता झाड फिरवलं, फांदी कळव्यातल्या जुन्या दिशेला आणली. मग पाच दिवस पाणी घालत बसलो. पानं गळली, सगळी. सहाव्या दिवशी बुंध्याजवळ एक तांबूस कोंब दिसला.

मी तसाच मचव्यात बसलो.

लक्ष्मी उंबऱ्यात बसून पेज पीत होती, तोंड दाराबाहेर. मला इतका आनंद झाला, की मी तिच्यासमोर फतकल मारून बसलो. बरं वाटतंय का, विचारलं. तिने मान हलवली. बाग तिने कधी पाहिली नव्हती. तिने मला नीट निरखलं.

"माजे रांगेतली पोरां अजून पाठमोरी हान," ती म्हणाली.

बायजाने गल्लीतल्या लावलेल्या दारांकडे पाहिलं. मी मोजली. दहा होती.

रात्रभर मला ‘दहांत एखादंच जगतं’ हे माझंच वाक्य ऐकू येत होतं. ते एक जगून झालं होतं.

सकाळी बागेत पोचलो तेव्हा फाटकाशी दहा बाया उभ्या होत्या. मी काही सांगण्याआधीच त्या बाजूला सरल्या, मला वाट द्यायला.

कुदळी त्यांनी घरूनच आणल्या होत्या.